अण्णांच्या नावाची पावती आणि माझा पॅन

जून २०२५ मध्ये आईचा साताऱ्याहून फोन आला, अगं अण्णांच्या नावाने इन्कम टॅक्सचं काहीतरी आलंय. पोटात गोळाच आला माझ्या. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालेलं, त्यांचं शेवटचं रिटर्न वारस म्हणून भरून आम्ही मोकळे झालेलो, आता हे काय नवीन. म्हटलं फोटो काढून पाठव. तिने पाठवला, निम्म्या फोटोत अंगठा, उरलेल्या निम्म्यात ट्यूबलाइटचा उजेड. तिसऱ्या फोटोत वाचता आलं. नोटीस वगैरे काही नव्हती, वर लिहिलेलं फॉर्म १०बीई (म्हणजे देणगीचं सर्टिफिकेट, सविस्तर पुढे सांगते), खाली देणगीदाराचं नाव म्हणून अण्णांचं पूर्ण नाव, अण्णांचा पॅन, रक्कम २५,०००.

आता ही देणगी मी दिलेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अण्णांचं वर्षश्राद्ध झालं तेव्हा, माझ्या खात्यातून, चेकने. आमच्या भागातल्या एका आश्रमशाळेला, जिथे अण्णा दर वर्षी जूनमध्ये वह्यापुस्तकांसाठी काही ना काही द्यायचे. पावती लिहिणाऱ्या काकांना मीच सांगितलं होतं की नाव अण्णांचं टाका, कै. लावून, स्मरणार्थ. त्यांनी सुरेख वळणदार अक्षरात लिहिलं, मी फोटो काढला, फॅमिली ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी हात जोडले आणि विषय संपला. जूनपर्यंत तरी मला तसंच वाटत होतं.

थोडं मागे जाऊन सांगते, कारण ही फक्त त्या एका पावतीची गोष्ट नाहीये. मी पुण्यात नोकरी करते, भाड्याने राहते, साताऱ्याच्या घराचं लोन माझ्या नावावर आहे, त्या घरात आई असते. त्यामुळे एचआरए (घरभाडे भत्ता), लोनचं व्याज, ८०सी (पीएफ, विमा वगैरे), मेडिक्लेम (आईचा सीनिअर सिटिझन म्हणून वेगळा आणि महाग) हे सगळं धरलं की मला ओल्ड रिजीमच (टॅक्सची जुनी, वजावटीवाली पद्धत) परवडते, गेल्या वर्षी हिशोब केला तर चाळीसेक हजारांचा फरक पडत होता. ऑफिसातले बाकी जवळजवळ सगळे न्यू रिजीमवाले, २०२३-२४ पासून तीच डिफॉल्ट आहे, आणि तिच्यात ८०जीची (बोलताना एटीजी), म्हणजे देणगीवरची वजावट मिळतच नाही, म्हणून देणगीच्या पावत्या हा विषय त्यांच्यासाठी संपलाय. मी जेवणाच्या टेबलावर १०बीई म्हटलं की ते माझ्याकडे कॅसेट प्लेअर वापरणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघतात. तेव्हा तुम्ही न्यू रिजीममध्ये असाल तर पुढचं सगळं करमणूक म्हणून वाचा.

अण्णा एसटीत अकाउंट्सला होते. आमच्या घरात जुन्या कपाटाच्या आत एक लोखंडी तार होती, खाली लाकडी चकती, वर आकडा, आणि त्या तारेत सगळ्या पावत्या टोचलेल्या. लाइटबिल वेगळ्या तारेला, देणग्या-वर्गण्या वेगळ्या तारेला. शिवाय एक लांबट वही, पहिल्या पानावर श्री, मग तारीख, कोणाला, किती, पावती नंबर. गणपतीच्या पाच रुपयांपासून सगळं त्यात. आई म्हणायची, अहो दान केलं ते केलं, त्याचा हिशोब कसला मांडता, या हाताचं त्या हाताला कळू नये. अण्णा म्हणायचे, हाताला नको कळू दे, पण डिपार्टमेंटला कळलं तर चार पैसे परत येतात, ते सोडायचे कशाला. यावर आईकडे उत्तर नसायचं आणि ती चहा टाकायला जायची.

मी त्यांचीच मुलगी पण माझी तार म्हणजे मोबाइलची गॅलरी. पावतीचा फोटो, शेजारी मांजराचा फोटो, त्याच्या शेजारी कुणाच्या तरी डोहाळजेवणाचे बावीस फोटो. दर वर्षी मार्चमध्ये ऑफिसात प्रूफ द्यायचा शेवटचा दिवस आला की मी अंगठा दुखेपर्यंत स्क्रोल करायचे. बरं ऑफिसवाले ८०जी घेतही नाहीत. यंदा सगळ्या पावत्या नीट स्कॅन करून चढवल्या तर दोन दिवसांत रिजेक्ट, शेरा काय तर हे रिटर्नमध्ये क्लेम करा. फॉर्म १६ (पगाराचं आणि कापलेल्या टॅक्सचं सर्टिफिकेट) आला त्यात ८०जीच्या रकान्यात शून्य. म्हणजे टॅक्स पूर्ण कापला गेलेला, आता जे काय मिळवायचं ते रिटर्न भरून, आपलं आपण.

माझी मावसबहीण सीए आहे, कोल्हापुरात प्रॅक्टिस करते. तिला फोन केला, म्हटलं माझ्या साठेक हजारांच्या देणग्या आहेत, बघशील का. ती म्हणाली आधी यादी पाठव, तारीख, संस्था, संस्थेचा पॅन, पत्ता पिनकोडसकट, पैसे कसे दिले, पावती नंबर आणि १०बीईचा नंबर. मी म्हटलं एवढं? तर म्हणाली, अगं रिटर्नमध्ये हे एकेक विचारतात, नुसता आकडा टाकून चालत नाही. मग एका रविवारी बसले. मोबाइल, बँक स्टेटमेंट, पर्सच्या आतल्या कप्प्यातले कागद, मेलमध्ये डोनेशन, देणगी, थँक यू असं सगळं शोधून एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ ची यादी केली. एकूण भरली ६१,५०१ रुपये. तो शेवटचा एक रुपया मंडळाच्या वर्गणीतला. मला स्वतःचंच कौतुक वाटलं, एवढं देतो आपण वर्षाला!

बहिणीने ती यादी बघून फोनवरच कात्री चालवायला सुरुवात केली.

गणपती मंडळ, १,५०१. हे तर मलाही माहीत होतं की चालत नाही, उगाच टाकलेलं.

आषाढीला आमच्या गल्लीतली दिंडी जाते, तिला तांदूळ, साखर आणि शेंगदाणे दिलेले, साधारण साडेतीन हजारांचे, दुकानाचं बिल होतं माझ्याकडे. कट. वस्तुरूपात दिलेलं ८०जीत बसत नाही, धान्य, कपडे, ब्लँकेट, काहीही असो, आणि कितीही पक्कं बिल असो. पैसेच द्यायला हवेत.

एका लहान मुलाच्या ऑपरेशनसाठी ऑनलाइन ३,००० दिलेले, कुणीतरी लिंक फॉरवर्ड केली होती, फोटो बघून राहवलं नाही. ते पैसे थेट त्या कुटुंबासाठी जातात, मान्यताप्राप्त संस्थेला नाही, म्हणून कट. वर तिथे वेबसाइटने स्वतःसाठी टिप म्हणून काही रक्कम आपोआप टिक करून ठेवलेली असते, ती मी तेव्हा काढली होती, बहीण म्हणाली निदान तेवढं तरी डोकं चाललं तुझं.

मग गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, ११,०००. इथे मी भांडले. म्हटलं अगं पावती आहे, ट्रस्ट रजिस्टर्ड आहे, पावतीवर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक छापलेला आहे, बँकेतून पैसे गेलेत. तिने शांतपणे विचारलं, ८०जीचा क्रमांक कुठे आहे? पावती उलटसुलट करून बघितली, नव्हता. इथे बहुतेकांचा घोळ होतो, माझाही झाला. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी ही १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली होते, त्याने ट्रस्ट हा ट्रस्ट होतो. आयकराच्या १२ए नोंदणीने ट्रस्टच्या स्वतःच्या उत्पन्नाला सूट मिळते. आणि देणाऱ्याला सूट मिळायची तर ८०जीची मान्यता वेगळी लागते. तीन वेगळी कागदपत्रं, पण पावतीवर कुठलाही लांबलचक रजि. नं. दिसला की आपल्याला वाटतं झालं काम. काही नामांकित आणि ऐतिहासिक देवस्थानांना सरकार वेगळं नोटिफिकेशन काढून ही सवलत देतं, अयोध्येच्या ट्रस्टला २०२० मध्ये दिली तशी, पण आमच्या गावच्या भैरोबाला अजून दिल्लीत कोणी ओळखत नाही.

वृद्धाश्रमाला दिलेले ५,००० सगळ्यात जास्त लागले मनाला. संस्थेला ८०जी आहे, पावती आहे, पावतीवर क्रमांकही आहे. पण मी दिले रोख. आईच्या वाढदिवसाला तिला घेऊन गेलो होतो, तिथल्या आजींबरोबर जेवलो, आईने पर्समधून काढून दिले तेव्हा मीच म्हटलं राहू दे मी देते आणि पाचशेच्या दहा नोटा दिल्या. २,००० च्या वर रोख दिलं की वजावट नाही. मला वाटलं म्हणजे निदान २,००० तरी धरतील, वरचे ३,००० सोडू. तर तसंही नाही, पाच हजार रोख म्हणजे अख्खे पाच हजार बाद. पूर्वी ही मर्यादा दहा हजार होती, २०१७-१८ पासून दोन हजार केली. क्यूआर कोडची पाटी माझ्या नाकासमोर टांगलेली होती त्या ऑफिसात, आजही डोळ्यासमोर येते.

अशी यादी ६१,५०१ वरून ३७,००० वर आली. उरलं काय तर आश्रमशाळेचे २५,०००, एका शिक्षणाच्या संस्थेला दर महिन्याचे ५०० ऑटो डेबिटने, साताऱ्यातल्या एका जुन्या वाचनालयाला १,५०० रोख (दोन हजारांच्या आत, ८०जी आहे, वाचलं बिचारं) आणि वायनाडला ३० जुलै २०२४ ला दरड कोसळली तेव्हा केरळच्या मुख्यमंत्री मदतनिधीला दिलेले ५,०००. आमच्या टीममध्ये दोघं मल्याळी आहेत, त्यातल्या एकाचे नातेवाईक त्याच भागातले, त्या आठवड्यात ऑफिसात कोणी काम असं केलंच नाही.

दर महिन्याच्या ५०० चा पण एक किस्सा. मी यादीत ६,००० लिहिलेले, बारा गुणिले पाचशे, सोपं गणित. संस्थेचं १०बीई मे महिन्यातच मेलवर आलेलं होतं, मी उघडलंच नव्हतं, उघडलं तर त्यात ५,५००. मी तावातावाने मेल लिहायला घेतला की तुमची चूक आहे, आणि सुदैवाने पाठवायच्या आधी स्टेटमेंट बघितलं. डिसेंबरमध्ये माझं डेबिट कार्ड एक्सपायर झालं होतं, त्या महिन्याचा हप्ता गेलाच नव्हता, बँकेचा मेसेज आलेला तो मी इतर पन्नास मेसेजसारखा सरकवून टाकलेला. संस्था बरोबर, मी चूक. मेल डिलीट केला आणि यादीत ५,५०० लिहिले.

आता हे १०बीई काय प्रकरण आहे ते सांगते, कारण माझी खरी कथा तिथेच अडकलेली. पूर्वी पावती असली की पुरायचं. २०२१-२२ पासून काय केलंय की संस्थेनेच आयकर पोर्टलवर १०बीडी नावाचं विवरण भरायचं, वर्षभरात कोणी किती दिलं, त्याचा पॅन किंवा आधार, पत्ता, रोख की ऑनलाइन, सगळं. ३१ मेपर्यंत. ते भरलं की पोर्टलवरून प्रत्येक देणगीदाराच्या नावाचं १०बीई सर्टिफिकेट निघतं, त्याच्यावर एक एआरएन नंबर असतो, तो नंबर आपण रिटर्नमध्ये टाकायचा. म्हणजे डिपार्टमेंटकडे आपला दावा पोचायच्या आधी संस्थेची यादी पोचलेली असते. संस्थेने उशीर केला तर तिला दिवसाला २०० रुपये फी बसते. नुसत्या पावतीवर दावा केला आणि संस्थेच्या यादीत तुमचा पॅन नसेल तर बसा उत्तरं देत. मुख्यमंत्री मदतनिधीसारख्या सरकारी निधीला हे १०बीई लागत नाही, तिथे पावती बास.

आणि माझ्या २५,००० समोर संस्थेच्या यादीत पॅन होता अण्णांचा.

म्हणजे कायद्याच्या नजरेत हे दान एका अशा माणसाने केलं होतं जो ते करायच्या वर्षभर आधी गेलेला. बहिणीला सांगितलं तर ती आधी गप्प झाली आणि मग हसायला लागली, मग मीही हसले, मग दोघी एकदम गप्प झालो कारण तिचेही ते लाडके काका होते.

आश्रमशाळेच्या ऑफिसात फोन केला. तिथे पावत्या बघणारे काका सत्तरीच्या पुढचे, रिटायर्ड शिक्षक, आठवड्यातून दोन दिवस येतात, एक रुपया घेत नाहीत. मी नाव सांगितल्यावर लगेच ओळखलं. मी प्रॉब्लेम सांगितला तर म्हणाले, ताई, पावतीवर नाव अण्णासाहेबांचं, आमच्या रजिस्टरला पॅन अण्णासाहेबांचा जुना नोंदलेला, मग एक्सेल भरणाऱ्या पोराने तेच टाकलं. मी म्हटलं काका पण पावतीवर कै. होतं ना. तर म्हणाले, हो, मलाही ठाऊक होतं ते गेले म्हणून, मी आलो होतो दहाव्याला, पण कॉम्प्युटरला कुठं ठाऊक.

यावर काय बोलणार. चिडायचं ठरवून फोन केलेला, चिडताच आलं नाही. आणि चूक माझीही होतीच. मी त्यांना माझा पॅन दिलाच नव्हता, कोणी मागितला नाही आणि मलाही सुचलं नाही. श्राद्धाच्या दिवशी कोण पॅनकार्ड काढतं हो.

दुरुस्तीसाठी साताऱ्याला जावं लागलं. सोबत अर्ज, माझ्या पॅनची झेरॉक्स, बँक स्टेटमेंटचं ते पान जिथे चेक वटल्याची ओळ आहे (पिवळ्या मार्करने रंगवून, बहिणीची सूचना) आणि मूळ पावती. काकांची अडचण अशी की मार्चअखेरचं पावतीपुस्तक बंद झालेलं, ऑडिटला गेलेलं, नवीन पावती जुन्या तारखेची देता येत नाही, आणि द्यावी असं मलाही वाटत नव्हतं. शेवटी मूळ पावतीवर आणि पुस्तकातल्या कार्बन कॉपीवर, दोन्हीकडे दुरुस्ती केली, देणगीदार म्हणून माझं नाव आणि पॅन, आणि खाली शेऱ्याच्या ओळीत कै. वडिलांच्या स्मरणार्थ. सही, शिक्का. ते म्हणाले, पहिल्यापासून असंच लिहायला हवं होतं, नाव देणाऱ्याचं, स्मरण शेऱ्यात. आता ते सगळ्यांना असंच सांगतात म्हणे, कारण आमच्याकडे निम्म्या देणग्या कोणाच्या तरी स्मरणार्थच येतात, वर्षश्राद्ध, पुण्यतिथी, आजीची शंभरी झाली असती म्हणून. त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं तर खरंच, पानभर नावं आणि त्यातली कितीतरी नावं गेलेल्या माणसांची.

त्याच रजिस्टरमध्ये मागच्या पानांवर अण्णा सापडले. २०११ पासून दर जूनला, १,००१, मग १,५०१, रिटायर झाल्यावर परत १,००१. घरच्या वहीत हे असणारच, पण दुसऱ्याच्या वहीत बघताना वेगळं वाटलं. काकांनी चहा मागवला.

पावती सुधारली म्हणून काम झालं नव्हतं. संस्थेच्या सीएने सुधारित १०बीडी भरायचं, मग नवीन १०बीई काढायचं. सीए ऑडिटच्या कामात. मी दर सोमवारी फोन करायचे, काका दर सोमवारी म्हणायचे, सांगितलंय ताई, या आठवड्यात होतंय. नशीब एवढंच की २०२५ मध्ये रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर नेलेली होती, नाहीतर जुलैअखेर मला हे २५,००० सोडून रिटर्न भरावं लागलं असतं, किंवा नंतर रिवाइज करत बसावं लागलं असतं.

या वाट बघण्याच्या काळातच ऑफिसातल्या एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, एवढं कशाला करतेस, माझ्याकडे एक माणूस आहे, तू चेकने पन्नास हजार द्यायचे, तो कट कापून बाकी कॅश परत देतो, पावती, १०बीई, सगळं ओरिजिनल. मी विचारलं आणि संस्था काय काम करते? म्हणाला, कुठली संस्था? त्यानंतर लगेचच, १४ जुलैला, बातमी आली की आयकर विभागाने खोट्या वजावटींवरून देशभरात १५० ठिकाणी तपासणी केली, त्यात असे रिटर्न भरून देणारे एजंटच बरेच. त्याला लिंक पाठवली. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. मला राग याचा येतो की असल्या लोकांमुळे त्या सत्तरीतल्या काकांना एक्सेलच्या रकान्यात लोकांचे पॅन शोधत बसावं लागतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मेल आला, नवीन १०बीई, माझं नाव, माझा पॅन, नवा एआरएन. वाचनालयाचंही त्याच सुमारास मिळालं, ते त्यांनी वेळेत भरलेलं होतं, फक्त मला पाठवायचं राहिलेलं, एका फोनवर व्हॉट्सॅपला आलं. तिथे एक बारीक घोळ, पावतीवर ८०जीचा जुना ऑर्डर नंबर छापलेला आणि १०बीईवर वेगळाच. कारण २०२१ नंतर सगळ्या जुन्या संस्थांना परत नोंदणी करायला लावली, नवे नंबर मिळाले, पाच पाच वर्षांच्या मुदतीचे, पण पावतीपुस्तकं आधीची छापून ठेवलेली, ती संपेपर्यंत कोण टाकून देणार. काम १०बीईवरच्या नंबरानेच होतं.

रिटर्न भरायला बसले १६ ऑगस्टच्या शनिवारी. आयटीआर १, आधी ओल्ड रिजीम निवडायची (हे विसरलात तर ८०जीचा रकाना उघडतच नाही, मी पाच मिनिटं शोधत होते), मग ८०जीत चार तक्ते समोर येतात. १०० टक्के मर्यादेशिवाय, ५० टक्के मर्यादेशिवाय, १०० टक्के मर्यादेसह, ५० टक्के मर्यादेसह. केरळचा निधी पहिल्यात. बाकी तिन्ही संस्था शेवटच्यात, आपल्या नेहमीच्या बहुतेक संस्था तिथेच जातात, आणि एआरएनचा रकाना तिथेच आहे. मर्यादा म्हणजे इतर वजावटी वजा केल्यावर जे उत्पन्न उरतं त्याच्या १० टक्के. माझं उरत होतं ८,२७,५००, म्हणजे मर्यादा ८२,७५०, मी तिच्या जवळपासही नव्हते.

आणि आता तो भ्रम, जो मला इतकी वर्षं होता. ५० टक्के सूट म्हणजे ३२,००० दिले की १६,००० टॅक्स वाचला असं मी धरून चालले होते. अण्णा असते तर कपाळावर हात मारला असता. १६,००० उत्पन्नातून वजा होतात, टॅक्समधून नाही. अधिक केरळचे पूर्ण ५,०००, झाले २१,०००. मी वीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, सेस (करावरचा उपकर) धरून २०.८, म्हणजे वाचले ४,३६८ रुपये. दोन महिन्यांचा पाठपुरावा, पुणे-सातारा जाऊन-येऊन, मार्कर, झेरॉक्स, दर सोमवारचे फोन, आणि हातात चार हजार तीनशे अडुसष्ट. नवऱ्याने विचारलं, पेट्रोल वजा केलंस का यातून? त्याला त्या दिवशी चहा मिळाला नाही.

दीड आठवड्यात रिफंड आला, ४,३७०. दहाच्या पटीत करतात ना, दोन रुपये सरकारने वरून दिले.

आता यंदाची पद्धत बदलली आहे. मोबाइलमध्ये एक शीट, पैसे दिले की त्याच जागी उभं राहून ओळ भरायची, घरी गेल्यावर नाही, कारण घरी गेल्यावर कधीच नाही. पावती हातात आली की आधी ८०जीचा नंबर आणि संस्थेचा पॅन शोधायचा, मग आपला पॅन त्यांनी लिहिलाय का बघायचं. शेवटचा रकाना १०बीई आलं का, तो जूनच्या पहिल्या आठवड्यात तपासायचा, जुलैच्या शेवटच्या नाही. वृद्धाश्रमाला यंदा क्यूआरने दिले. देवळाला परत दिले, सूट नाही हे माहीत असून, तिथे रकान्यात शून्य लिहिलं आणि पुढे गेले. दिंडीच्या तांदळाचं बिल मात्र आता ठेवत नाही.

आणि अण्णांच्या नावाचं ते चुकीचं १०बीई, ते रद्द झालंय, फाडून टाक म्हणून मी आईला सांगितलेलं. मधे कपाट आवरायला घेतलं तर देणग्यांच्या तारेला सगळ्यात वर टोचलेलं. म्हटलं आई, याचा काही उपयोग नाहीये आता. म्हणाली, उपयोग बघून ठेवलं नाही.

ऑगस्टमध्येच, मी साताऱ्याला असताना, गणपतीची वर्गणी मागायला मंडळाची पोरं आली, पाच-सहा जण, पावतीपुस्तक घेऊन. आई दारात गेली. मी आत होते, मला फक्त आवाज ऐकू आला. आई विचारत होती, का रे बाळांनो, तुमच्याकडे एटीजी आहे का?

दोन मिनिटं शांतता. मग त्यातला मोठा पोरगा अगदी अदबीने म्हणाला, नाही काकू, यंदा डीजे नाही, ढोल-ताशाच आहे.